निरीक्षण-नियोजक ०.९: जुन्या पायथनची साथ कुठे आणि कशी सोडायची

मंडळी, आपल्या निरीक्षण-नियोजकाची, म्हणजे आकाश-निरीक्षणाची रात्र आखून देणाऱ्या पायथन प्रोग्रामची, ०.९ आवृत्ती जवळपास तयार आहे. चंद्रोदय, संधिप्रकाश संपण्याची वेळ, कोणता तारा किती वाजता किती उंचीवर, हे सगळं पूर्वीसारखंच आहे. गेल्या काही आठवड्यांतला वेळ पायथन ३.८ आणि ३.९ ची साथ सोडायची का, या एका प्रश्नावर गेला. निर्णय झाला आहे: ०.९ जुन्या पायथनवर चालेल, साथ १.० पासून सुटेल. तुमच्यापैकी अनेकांचे असेच छोटे प्रकल्प आहेत, म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

जुनं पायथन धरून ठेवलं की त्याच्या मागे सगळी साखळी अडकते. ३.८ वर नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) १.२४ च्या पुढे जात नाही आणि ॲस्ट्रोपाय (खगोल-गणिताची लायब्ररी) ५.२ च्या पुढे. ३.९ वर नमपाय २.० बसतं खरं, पण ॲस्ट्रोपाय ६.० लाच थांबतं, आणि ६.० ला नमपाय २ चालत नाही. ती सोय ६.१ मध्ये आली, आणि ६.१ ला पायथन ३.१० लागतं. म्हणजे आपल्यापुरतं बोलायचं तर ३.९ किंवा त्याआधीचं पायथन म्हणजे नमपाय १, मधला मार्ग नाही.

नमपाय १ आणि २ दोन्ही सांभाळण्यात नक्की त्रास काय? एनएएन (आकडा नसलेली किंमत) किंवा फ्लोट (अपूर्णांकी आकडा) यांच्या जुन्या नावांचा त्रास किरकोळ. ती २.० मध्ये काढून टाकली आहेत, रफ हे साधन ती शोधून देतं, तासाभराचं काम. खरी अडचण तिथे आहे जिथे कोड चालतो, चूक दाखवत नाही, आणि उत्तर मात्र वेगळं देतो. २.० मध्ये आकड्यांचे प्रकार एकत्र करण्याचा नियम बदलला. नोंदवहीच्या फाइलमधून दिवसाचा अपूर्णांक फ्लोट३२ (३२ बिटांतला, कमी अचूक आकडा) म्हणून आला, समजा ०.३७, आणि त्यात साधा पायथनचा आकडा २४६०६७६.५ मिळवला (१ जानेवारी २०२५ चा ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीतला आकडा, जागतिक वेळेनुसार ० तास), तर नमपाय १ बेरीज फ्लोट६४ (६४ बिटांतला, जास्त अचूक आकडा) मध्ये करतं. नमपाय २ ती फ्लोट३२ मध्येच ठेवतं. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ फ्लोट३२ ला पाव दिवसापेक्षा बारीक पायरी ठाऊक नसते. उत्तर येतं २४६०६७६.७५, म्हणजे वेळ जवळपास तीन तास मागे. टेस्टमध्ये अपेक्षित वेळा मिनिटापर्यंत लिहिलेल्या असल्यामुळे हे लगेच दिसलं. आता वाचतानाच फ्लोट६४ करून घेतलं आहे. पण एकाच ओळीचे दोन अर्थ डोक्यात ठेवून पुढचा प्रत्येक बदल तपासणं हे एकट्याने सांभाळायच्या प्रकल्पाला झेपणारं नाही, असं माझं ठाम मत झालं.

मग रेघ कुठे ओढायची? वैज्ञानिक पायथनच्या जगात स्पेक ० हा नियम आहे: पायथनच्या आवृत्तीला ती आल्यापासून तीन वर्षं साथ द्यायची, मुख्य लायब्रऱ्यांच्या आवृत्तीला दोन वर्षं. पायथनचे कर्ते स्वतः प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या देतात. ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली, ३.९ ची ऑक्टोबर २०२५ मध्ये. तीन वर्षांचा नियम मोठ्या लायब्रऱ्यांना शोभतो, आपल्याला तो घाईचा वाटतो. आपले वापरणारे पायथन मुद्दाम बसवत नाहीत, संगणकावर असेल ते वापरतात. लिनक्सच्या उबुंटू २२.०४ वर ३.१० आहे, डेबियन १२ वर ३.११. या दोघांना आज बाहेर काढायचं काही कारण नाही. म्हणून १.० साठी किमान पायथन ३.१०, ॲस्ट्रोपाय ६.१, नमपाय २.०. पुढेही पाच वर्षांची मुदत संपली की मगच रेघ सरकेल, आणि ती तारीख वाचा-फाइलमध्ये आधीच लिहिलेली असेल. एखादी नवी सोय आवडली म्हणून मध्येच किमान आवृत्ती वाढवायची नाही.

राहिले मागचे लोक, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथेच घ्यायला हवी. शाळांच्या विज्ञान मंडळांत अजून विंडोज ७ चे संगणक आहेत, आणि विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८ आहे. काहींच्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर डेबियन ११ वर आधारलेली प्रणाली आहे, तिथे ३.९. हे सगळे आता अनेक वर्षं ०.९ वरच राहणार. तेव्हा ०.९ ही घाईत काढलेली निरोपाची आवृत्ती असून चालणार नाही. आयपायथन या प्रकल्पाने २०१७ मध्ये ६.० पासून पायथन २ सोडलं तेव्हा ५ ची मालिका दीर्घ मुदतीसाठी दुरुस्त करत ठेवली होती. तोच धडा गिरवतो आहे: माहीत असलेल्या सगळ्या दुरुस्त्या आधी ०.९ मध्ये, मगच १.० ची शाखा.

त्यातली एक दुरुस्ती सांगण्यासारखी आहे. पृथ्वीच्या फिरण्याचे तक्ते ॲस्ट्रोपाय इंटरनेटवरून मागवतं. माळरानावर नेट नसतं आणि ५.२ सोबत आलेले तक्ते कधीच मागे पडले आहेत, त्यामुळे इशारे येतात, कधी गणितच थांबतं. ६.० पासून हे तक्ते वेगळ्या पॅकेजमधून येतात, पण ३.८ वाल्यांना त्याचा उपयोग नाही. युटी१ (पृथ्वीच्या फिरण्यावरून मोजलेली वेळ) आणि युटीसी (घड्याळांची जागतिक वेळ) यांच्यातला फरक ०.९ सेकंदाच्या आत राखला जातो. पृथ्वी सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फिरते, म्हणजे तक्ता नसला तरी या फरकामुळे चूक फार तर १४ विकला. चंद्रबिंब सुमारे १८०० विकला रुंद आहे. चंद्रोदय मिनिटात सांगणाऱ्या साधनाला ही चूक जाणवतही नाही. म्हणून ०.९ नेट नसताना तक्त्यांची अट सैल करून पुढे जातं आणि छापलेल्या पानावर तशी एक ओळ देतं.

पॅकेजिंगकडेही नीट पाहा. रिक्वायर्स-पायथन (कोणतं पायथन लागेल) ही अट १.० च्या फाइलमध्ये बरोबर लिहिली की पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाची ९ पासून पुढची कोणतीही आवृत्ती पायथन ३.८ वर आपोआप ०.९ उचलते, कोणाचंही काही मोडत नाही. फक्त किमान आवृत्ती लिहा, कमाल लिहू नका. कमाल लिहिली की उद्याच्या पायथनवर पिप मागे मागे जाऊन अशी एखादी पुरातन आवृत्ती बसवतं जिच्यात ती मर्यादा नव्हती.

०.९ ची चाचणी-आवृत्ती टाकली आहे. विंडोज ७ किंवा जुनी रास्पबेरी पाय ज्यांच्याकडे असेल त्यांनी नेट बंद करून येत्या अमावास्येच्या रात्रीचं पान छापून पाहा, आणि वेळा पंचांगाशी जुळल्या नाहीत तर गावाचे अक्षांश-रेखांश व पायथनची आवृत्ती कळवा. जुन्या यंत्रांवरचे निकाल हाती आल्याशिवाय १.० काढणार नाही.