पाटण्याचं शहामृग

पाटण्याच्या शहामृगाबद्दल वाचून दाखवत होते, तर नानांनी मधेच थांबवलं. "आठे शहामृग व्हतात?" म्हणजे, इथे शहामृग होते?

व्हतात, नाना. आमच्याच चाळीसगाव तालुक्यात. पाटणं म्हटलं की आपल्याला पाटणादेवी आठवते, फार तर भास्कराचार्य. पण तिथेच १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं आणि शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली. एका तुकड्यावर माणसाने कोरलेली आडव्यातिडव्या रेषांची नक्षी आहे. वय सुमारे २५,००० वर्षं.

हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात जुनी नियतकालिकं चाळताना कळलं. १९७७ पासून निघणाऱ्या 'मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट'चे अंक मी तिथेच पहिल्यांदा हातात घेतले. इंग्रजी जड होतं, पण खड्ड्यांच्या थरांची चित्रं समजायला भाषा लागत नाही.

उत्खनन म्हणजे एका अर्थी जागा संपवणंच. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. कुठली वस्तू किती खोल, कशाशेजारी मिळाली, हे छापलं गेलं नाही तर हाती उरतो नुसता दगड. तापीकाठच्या प्रकाशे गावी बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये खणलं, त्याचा सविस्तर अहवाल 'एन्शंट इंडिया' या नियतकालिकात १९६७ मध्ये आला. बारा वर्षं! तरी आला म्हणून आज तो उघडून साडेतीन हजार वर्षांपूर्वीची गाडगीमडकी थरागणिक बघता येतात.

आणि मला सगळ्यात आवडते ती अशा नियतकालिकांतली हुज्जत. भारतात इतरत्र मिळालेल्या कित्येक 'कोरीव' कवचांवरच्या रेषा पुढे कुणीतरी बारकाईने तपासल्या. त्या माणसाच्या नव्हत्या, झाडाच्या मुळांनी कवच खाऊन पडलेल्या होत्या. तसं छापूनही आलं. पाटण्याचा तुकडा मात्र त्या तपासणीतून टिकला. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.

असलं काही मराठीत, सातवीच्या पोराला कळेल असं, नियमित यायला हवं. मी माझ्यापुरती सुरुवात केलीय. परवा वर्गातल्या एकाने गिरणाकाठून गारगोटीची धारदार कपची आणली. आधी त्याला वहीत लिहायला लावलं: तारीख, कुणाच्या शेताचा बांध, नदीपासून किती पावलं. मग दोघांनी ती उन्हात धरून बघितली.