ल शाँबों: हॉटेलं, पोरं आणि हवापालट

दुसऱ्या महायुद्धात ज्यू मुलांना लपवणारं फ्रेंच गाव म्हणून ल शाँबों-सुर-लिन्यों ऐकून होते. वाटलं, माळे आणि तळघरं बघायला मिळतील. पण २०१३ साली उघडलेल्या स्मृतिसंग्रहालयातल्या बाईंनी नकाशावर बोट ठेवलं ते हॉटेलं आणि लॉजवर. (माझं फ्रेंच जेमतेम. ‘जरा हळू बोला’ एवढं मात्र पाठ झालंय.)

गाव हजारेक मीटर उंचीवर, हवा थंड, कोरडी. १८९३ पासून लुई कोंत नावाचे पाद्री सेंत-एतियेनच्या खाणी-कारखान्यांच्या धुरातली मुलं उन्हाळ्यात या पठारावर शेतकऱ्यांकडे पाठवू लागले. पुढे पाहुण्यांसाठी लॉज निघाले. नवखं पोर कुणाच्या अंगणात दिसलं, तर शेजाऱ्यांना त्याचं नवल उरलं नव्हतं. माझ्या मते पुढचं सगळं इथूनच सुरू होतं.

मे १९४१ मध्ये स्विस मदतसंस्थेचं ‘ला गेस्पी’ हे बालगृह उघडलं. दक्षिण फ्रान्समधल्या ग्युर्सच्या नजरकैद छावणीतून सोडवलेली मुलं तिथे आली. पुढे आणखी घरं निघाली. पोलिसांची कुणकुण लागली की मुलं रानात पळायची. धोका टळला की कुणीतरी गाणं म्हणत रानात जायचं. गाणं ऐकू आलं की पोरं घरी.

‘मेझाँ दे रॉश’ गावाबाहेर आहे. चालत गेले, बाहेरूनच पाहिलं. हे मूळचं हॉटेल, १९४२ मध्ये निर्वासित विद्यार्थ्यांचं वसतिगृह झालं. २९ जून १९४३ च्या पहाटे जर्मन पोलीस आले आणि अठरा तरुणांना घेऊन गेले. व्यवस्थापक दानिएल त्रोक्मे तेव्हा दुसऱ्या बालगृहात होते. पळायला सवड होती, पण आपल्या पोरांना सोडून जायचं त्यांच्या मनाला पटेना. त्यांनाही पकडलं. एप्रिल १९४४ मध्ये पोलंडमधल्या मायदानेकच्या नाझी छावणीत ते वारले.

एक स्पॅनिश मुलगा मात्र सुटला. थोड्याच दिवसांपूर्वी लिन्यों नदीत बुडणाऱ्या एका जर्मन शिपायाला त्याने बाहेर काढलं होतं. गावचे पाद्री आंद्रे त्रोक्मे यांच्या पत्नी माग्दा साक्ष मिळवायला तडक जर्मन अधिकाऱ्यांकडे गेल्या. फार लांब जावं लागलं नाही. दुखण्यातून उठलेले जर्मन शिपाई गावातल्याच हॉटेलात उतरले होते, हवापालटासाठी.