विधी आयोग कायदा कसा निवडतो: बहिणीच्या वाट्यावरून

तलाठ्याकडे नोंद रखडली की साताऱ्यात लोक म्हणतात, 'कायदाच बदलायला हवा'. बहुतेक वेळा कायदा ठीक असतो, अंमल ढिला असतो. विधी आयोग म्हणजे कायद्यात कोणते बदल हवेत यावर केंद्र सरकारला सल्ला देणारी संस्था. विषय या आयोगाचा की तहसीलदाराचा, हे इथेच ठरतं.

आयोगाकडे विषय तीन वाटांनी येतात. बरेचसे केंद्र सरकार पाठवतं. काही सर्वोच्च न्यायालय सुचवतं, फाशीवरचा २०१५ चा २६२ वा अहवाल त्यातला. उरलेले आयोग स्वतःहून घेतो. आयोग सरकारी आदेशाने, साधारण तीन वर्षांसाठी नेमला जातो, त्यामागे वेगळा कायदा नाही. इतका सरकारवर अवलंबून असूनही तो स्वतः विषय निवडू शकतो, म्हणून ही तिसरी वाट मला फार मोलाची वाटते.

मुलींच्या वडिलोपार्जित हक्कावरचा २००० चा १७४ वा अहवाल याच वाटेने आला. दोष थेट कायद्याच्या शब्दांत होता: १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतली जन्मजात वाटेकरी, नव्हती. उत्तराधिकार समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत, असल्याने काही राज्यांनी आपापली दुरुस्ती केली. महाराष्ट्राची २२ जून १९९४ ची, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. म्हणजे १९९३ ला सासरी गेलेली थोरली बाहेर आणि १९९५ ची धाकटी आत, तेही एकाच वाड्यातल्या. देशभर एकच उत्तर लागावं असा हा प्रश्न होता.

आयोगाने प्रश्नावली काढली, मतं मागवली, विधेयकाचा मसुदाही जोडला. मात्र आधी लग्न झालेल्या मुलींना त्यानेही बाहेरच ठेवलं होतं. संसदेने २००५ मध्ये ती अट काढली, ९ सप्टेंबरपासून सगळ्या मुली आत आल्या. तरी त्या तारखेला वडील हयात हवेत का, यावर न्यायालयांत मतभेद राहिले. 'नको' हे उत्तर सर्वोच्च न्यायालयाकडून ११ ऑगस्ट २०२० ला मिळालं.

आयोगाला सूचना पाठवताना कलम आणि त्यातला नेमका शब्द लिहा, परस्परविरोधी निकाल जोडा, पर्यायी वाक्य द्या. कूळकायदा किंवा तुकडेबंदी (शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई) असेल तर पत्र मुंबईला, राज्य सरकारकडे. जमीन हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्याने कायदा करायचा विषय. आणि भावाच्या भिडेपोटी बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, तिथे कोणत्याही कलमातला शब्द चुकलेला नसतो. ते सहीआधी तिला वाटा समजावून सांगण्याचं काम आहे, आणि ते गावातच करावं लागतं.