‘अहो, आवाज वाढवा!’

मेटल बँडचा लाइव्ह साउंड करणाऱ्याचं निम्मं काम म्हणजे गोंगाटातून गायक शोधून काढणं. ड्रम्स माईकशिवायसुद्धा हॉल भरून टाकतात, गिटारचे अँप पाठीमागून अंगावर येत असतात, आणि त्या सगळ्याच्या वर गायकाचे शब्द (निदान शब्द आहेत असं वाटण्याइतपत तरी) पोचवायचे असतात. ज्या गायकासाठी मी वर्षानुवर्षं हेच करत आलो, त्याने स्वतःचा इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट काढला आणि पहिल्याच कार्यक्रमाला साउंडच्या कन्सोलवर मीच हवा म्हणून अडून बसला. त्याचं नाव सांगत नाही. बँड अजून चालू आहे आणि त्या संध्याकाळबद्दल तो स्वतः कुठे बोललेला नाही.

स्टेजवर एक टेबल, लॅपटॉप, दोन सिंथ (सिंथेसायझर) आणि कीबोर्डवर एक जोडीदार. ड्रम नाहीत, अँप नाहीत, मॉनिटरचे डबेही नाहीत. दोघांच्या कानात इन-इअर, म्हणजे स्वतःचं ऐकायचे इअरफोन. साउंडचेकला पीए (हॉलचे मोठे स्पीकर) म्यूट केला तेव्हा स्टेजवरून फक्त त्याच्या बुटांचा आवाज आला. आम्ही दोघंही हसलो, पण मला जरा धास्तीच वाटली.

बँडमध्ये तो माईकची जाळी मुठीत आवळून गातो. मेटलवाल्यांची ही जुनी खोड. मूठ आवळली की माईक मागचा आवाजही उचलायला लागतो आणि शिट्टी मारतो. तिथे मी त्याच्या आवाजातलं 150 हर्ट्झच्या खालचं सगळं छाटून टाकतो, कारण ती जागा बेस गिटार आणि किक ड्रमची. इथे तो जवळजवळ कुजबुजत होता. माईकचा गेन कितीतरी वर न्यावा लागला, छाटायची ती सीमा (लो-कट) 80 पर्यंत खाली आणली, आणि एकाएकी त्या आवाजाला छाती आली. इतक्या वर्षांत मी ती ऐकलीच नव्हती. डिस्टॉर्शनची गिटार साधारण 100 हर्ट्झपासून पार 5 किलोहर्ट्झपर्यंत पसरून बसते, म्हणजे माणसाच्या आवाजाचं सगळं घरच व्यापते. ती उठून गेल्यावर तिथे हा एकटा.

मी सवयीने रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, लावला. ‘निम्मा कर,’ तो म्हणाला. केला. ‘अजून.’ असं करत करत रिव्हर्ब नावापुरता राहिला.

लोक आले ते बहुतेक सगळे बँडचेच काळे टीशर्ट घालून. कन्सोल हॉलच्या मधोमध, गर्दीत असतो, त्यामुळे माझ्याइतकं श्रोत्यांचं बोलणं कुणाच्याच कानावर पडत नाही. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच कठड्याला टेकून दोघांचा वाद रंगला होता. तरुण म्हणत होता, हे थोडे दिवसांचं फॅड आहे. जुडास प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्ड, त्याने 1998 मध्ये ‘टू’ नावाने इंडस्ट्रियल अल्बम काढला, लोकांनी नाकं मुरडली, आणि 2000 मध्ये तो ‘रिझरेक्शन’ घेऊन मेटलमध्ये परत आलाच की. दाढी पिकलेल्याने त्याला नॉर्वेच्या अल्व्हर बँडचं उदाहरण ऐकवलं: 1997 मध्ये कानाचे पडदे फाडणारा ब्लॅक मेटल, आणि 2000 चा अल्बम जवळपास पूर्ण इलेक्ट्रॉनिक. ते कुठे परतले तिथे? मग स्वतःचीच गोष्ट सांगितली. पॅराडाइझ लॉस्ट या मेटल बँडने 1999 मध्ये ‘होस्ट’ काढला तेव्हा गिटारी मागे सारून सिंथ पुढे आणले म्हणून त्याने भरपूर शिव्या घातल्या होत्या. 2023 मध्ये त्याच बँडचे निक होम्स आणि ग्रेग मॅकिंटॉश ‘होस्ट’ याच नावाने वेगळा प्रोजेक्ट घेऊन आले, तेव्हा मात्र याने तो पहिल्या दिवशी ऐकला. ‘मधल्या काळात काय बदललं?’ तरुणाने विचारलं. ‘माझे कान म्हातारे झाले,’ तो म्हणाला. मला वाटतं त्याने थापच मारली. बँडचं नाव वर असलं की लोक हक्काने रागावतात; तीच माणसं वेगळ्या पाटीखाली आली की पाहुण्यासारखं ऐकून घेतात. आमच्या पोस्टरवर गायकाचं नाव मोठं होतं आणि प्रोजेक्टचं त्याखाली बारीक. हा निर्णय कुणाचा ते मला ठाऊक आहे, पण असो.

मिनिटाला 124 ठोक्यांच्या लयीत लॅपटॉपमधली किक सुरू झाली. ही मंडळी डबल बेस ड्रमच्या 200 वर माना हलवणारी. पहिल्या गाण्यात पुढच्या रांगांना हात-पाय कुठे ठेवावेत हेच कळेना. मॉश पिटसाठी (धक्काबुक्की करत नाचायला) मधे मोकळी केलेली जागा तशीच मोकळी राहिली आणि हळूहळू लाजल्यासारखी भरून गेली.

तिसऱ्या गाण्याला एकजण कठड्यावरून वाकून ओरडला, ‘अहो, आवाज वाढवा!’

मी मीटर बघितला. ध्वनिमर्यादा ज्या ‘ए’ मापाने मोजतात ते माप माणसाच्या कानासारखं खालच्या सुरांना कमी लेखतं. 50 हर्ट्झवर तर ते जवळपास 30 डेसिबल वजा करतं. त्या मापाने आम्ही बँडच्या रोजच्या पातळीच्या खाली होतो. ‘सी’ मापात मात्र, ज्यात बेस जवळजवळ पूर्ण धरला जातो, आम्ही रोजच्यापेक्षा बरेच वर. म्हणजे त्या माणसाची हाडं हलत होती, पण कान उपाशी होते. त्याला हवी होती ती गिटारीची भिंत, आणि त्याला ते ‘आवाज कमी’ असं जाणवत होतं. मी फेडरला (आवाज वाढवायच्या पट्टीला) हात लावला नाही. बेस सिंथवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हलकंसं डिस्टॉर्शन, चढवलं, त्यासरशी त्याचे हार्मोनिक (वरचे उपस्वर) मधल्या पट्टीत डोकवायला लागले. मीटर होता तिथेच. त्या माणसाने खूश होऊन अंगठा दाखवला.

गायकाने एक गोष्ट मुद्दाम मागून घेतली होती: स्टेजच्या कडेला लोकांकडे तोंड करून दोन माईक, आणि त्यांचा आवाज त्याच्या कानात. मेटलच्या कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधेही काही ना काही घुमत असतं. इथे गाणं थांबलं की सगळंच थांबायचं आणि गप्पा ऐकू यायच्या. अशाच एका खंडात कुणीतरी ओरडलं, ‘गिटार कुठंय?’ तो शांतपणे माईकमध्ये म्हणाला, ‘घरी.’ हॉल हसला. तिथून पुढचा अर्धा तास फार चांगला गेला. मागे काही जण चक्क नाचायला लागले. आधी इकडेतिकडे कोण बघतंय ते पाहून, मग न बघता.

शेवटून दुसऱ्या गाण्यात किक थांबते आणि खाली सिंथचा फक्त एक लांब सूर (पॅड) उरतो. तिथे तो ओरडला. त्याची ती ओळखीची, लांबलचक किंकाळी, रिव्हर्बशिवाय. बाहेरच्यांना वाटतं किंकाळी म्हणजे नुसता जोर, पण सरावलेला गायक घसा सांभाळून, वाटतं त्यापेक्षा बऱ्याच हळू आवाजात ती काढतो. मोठी करायचं काम आमचं. गिटारीखाली असते तेव्हा त्यात राग ऐकू येतो. इथे श्वास ऐकू आला, लाळ ऐकू आली, आणि शेवटी हवा संपत आली तेही. लोकांनी जे छत डोक्यावर घेतलं ते बँडच्या कार्यक्रमातही फार वेळा घेतलेलं नाही.

आणि पुढच्या गाण्याला अंगावर जॅकेटं चढायला लागली. जे हवं होतं ते मिळालं होतं. दाढीवाला तेवढा हलला नाही. तरुण मला म्हणाला, ‘बघा, येतोय ना परत!’ आणि निघून गेला. तो शेवटचं गाणं ऐकायला थांबला असता तर बरं झालं असतं; सगळ्यात चांगलं तेच होतं.

सामान भरताना गायक आला. रेकॉर्डिंग हवंय म्हणाला. मी सगळे ट्रॅक देतो म्हटलं, तर नको, फक्त लोकांचे दोन माईक दे. ते त्याने गाडीत बसून सलग ऐकले. पुढच्या कार्यक्रमाच्या यादीतून किंकाळीचं गाणं गायब होतं. शिवाय लोकांचे माईक स्टेजवरून काढून माझ्या कन्सोलपाशी लावायला सांगितले. पुढे उभे असतात ते ओरडणारे, त्याला मागचे ऐकायचे होते. मी सांगितलं की कन्सोल पंचवीस मीटरवर आहे, आवाज तिथे पोचायला सत्तर मिलिसेकंद घेतो, कानात दिला तर तुझी लय जाईल.

‘मग कानात नको देऊस,’ तो म्हणाला. ‘नुसतं रेकॉर्ड कर.’