22 फुटी होडीची कनात : नऊ शनिवारांची नोंद

काल रात्रभर पाऊस पडला. पहाटे होडीवर जाऊन, कॉकपिटभोवती (होडी चालवताना बसायच्या उघड्या जागेभोवती) मी शिवलेल्या कनातीची चेन (झिप) उघडली. डावीकडची बैठक ठणठणीत कोरडी होती, उजवीकडे मात्र टिलरपासून (सुकाणूच्या दांड्यापासून) पुढे दोन हात ओल. नऊ शनिवार या कामात गेले आहेत, त्यामुळे ती निम्मी कोरडी बैठकही मी बराच वेळ हात फिरवून पाहिली. उजवी बाजू का भिजली तेही आता कळलं आहे. ते ओघात येईलच.

आधी रचना. पुढे केबिनच्या दारावर डॉजर (वारा-पाणी अडवणारा कापडी आडोसा), मागे छत, दोघांना जोडणारा मधला पट्टा, आणि दोन्ही बाजूंना व मागे चेनने लागणाऱ्या तीन कनाती. जोराच्या वाऱ्यात फक्त डॉजर उभा राहणार. हलक्या वाऱ्यात शीड वर असतानाही छत उभं असावं अशी इच्छा होती. नांगरावर सगळं बंद. पावसात इंजिनावर जाताना मागची कनात आणि डॉजरची पुढची खिडकी सोडून बाकी बंद. कोणती गोष्ट केव्हा उभी असणार हे आधी ठरवल्यामुळे पुढचं बरंच सोपं गेलं. विंचचं (दोरी ओढायच्या चरकाचं) हँडल पूर्ण फिरलं पाहिजे, जिबची (पुढच्या शिडाची) दोरी कापडाला घासता कामा नये, आणि उभं राहिल्यावर डॉजरच्या वरून समोर दिसलं पाहिजे. खिडकीतून पाहता येईल या भरवशावर डॉजर उंच करू नका. ओल्या प्लॅस्टिकमधून रात्री दुसऱ्या होडीचे दिवे फुटून दिसतात.

सांगाड्याला 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या 22 मिलिमीटरच्या नळ्या घेतल्या. 304 स्वस्त पडतं, पण 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात तेच उपयोगी पडतं. बुडाशी बिजागऱ्या आहेत. डेकमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असल्यामुळे 6 मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी 10 मिलिमीटरची भोकं पाडली, ती घट्ट इपॉक्सीने भरली, वाळल्यावर त्यातून पुन्हा भोक पाडलं आणि ब्यूटाइल टेपवर (पाणी अडवणाऱ्या चिकट पट्टीवर) बिजागरी बसवली. हा फेरा टाळला तर पाणी गाभ्यात शिरतं आणि डेक आतून कुजतं.

सांगाड्यात माझी मोठी चूक बूमच्या (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याच्या) उंचीची झाली. छताच्या कमानी मी होडी धक्क्याला असताना ठरवल्या. शीड उतरलेलं, बूम टॉपिंग लिफ्टवर (त्याला वर धरणाऱ्या दोरीवर) लटकलेला. कमान आणि बूम यांच्यात चार बोटं जागा दिसली, मी समाधानी झालो. तिसऱ्या शनिवारी वारा पडलेला होता म्हणून धक्क्यालाच मेनसेल (मुख्य शीड) चढवलं, मेनशीट (त्या शिडाची दोरी) ओढली, व्हँग (बूम खाली ओढून धरणारी दोरी) कसला, आणि बूमचं मागचं टोक जवळजवळ 7 सेंटिमीटर खाली आलं. थेट कमानीवर. रीफ घेतल्यावर (शीड आखूड केल्यावर) टोक आणखी निराळ्या उंचीवर येतं. कमानीचे पाय कापून छत खाली घेतलं. आता बसल्यावर डोक्याला छत लागत नाही, उभं राहिलं की लागतं, आणि ते मला मान्य आहे. तुम्ही कमानी बेतणार असाल तर शीड चढवूनच मापं घ्या, दोन्ही रीफ घेऊन बघा आणि बूम हाताने एका बाजूकडून दुसरीकडे नेऊन पाहा.

आता नमुना. या सगळ्या कामाचा जीव नमुन्यात आहे असं मला मनापासून वाटतं, शिलाईत नाही. कापड कागदावर मापं मांडून बेतता येत नाही, कारण कमानी वाकलेल्या, कॉकपिटची कड तिरकी, आणि प्रत्येक पृष्ठभाग दोन दिशांनी वळलेला. म्हणून सांगाडा आधी पुढेमागे पट्ट्यांनी पक्का ताणायचा, नळ्यांवर दुहेरी चिकटपट्टी लावायची आणि न ताणणारं नमुन्याचं प्लॅस्टिक मधोमधून सुरू करून कडांकडे चिकटवत जायचं. एकही सुरकुती राहू द्यायची नाही. सुरकुती दिसली की तिथलं चिकटवलेलं सोडवून पुन्हा. मग त्यावर मार्करने सगळं लिहायचं : नळीचा मध्य, चेनची रेघ, बटणांच्या जागा, खिडकीची कड, आतली बाजू, बाहेरची बाजू, डावं, उजवं. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांवर दर 15 सेंटिमीटरला एक आडवी खूण. शिवणकाम मला ताईने शिकवलं. तिने एकच नियम घालून दिला : "खुणा जुळल्याशिवाय टीप मारायची नाही, मग कितीही उशीर होऊ दे." त्या एका वाक्याने छताची शिवण सरळ आली.

डॉजर आणि छताचा नमुना मी असाच केला. बाजूच्या कनातींच्या वेळी अंधार पडायला आला होता. डावीचा नमुना घेतला आणि उजवीसाठी तोच उलटा केला.

कापड सोल्यूशन-डाइड अ‍ॅक्रिलिक. यात रंग धाग्यावर चढवलेला नसतो, धागा तयार होतानाच त्यात मिसळलेला असतो, म्हणून उन्हात लवकर विटत नाही. हे कापड श्वास घेतं. पूर्ण जलरोधक व्हिनाइलपेक्षा आत दव कमी धरतं. पाणी झटकणारं त्याचं लेपन मात्र काही वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं. कडा गरम सुरीने कापल्या म्हणजे धागे सुटत नाहीत.

दोरा निवडायला वेळ लावला, आणि तो लावावाच. पॉलिस्टरचा दोरा शिवायला सोपा, पण कापडाच्या कितीतरी आधी उन्हाने तोच गळतो. कापड धडधाकट आणि शिवणी उसवलेल्या अशी छतं तुम्हीही पाहिली असतील. मी पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा घेतला. उन्हाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, पण तो इतका निसरडा असतो की वरच्या दोऱ्याचा ताण पुन्हा पुन्हा जुळवावा लागला. सुई 110/18, टाका 4 मिलिमीटरचा. टाचणी लावायची नाही, तिचं प्रत्येक भोक गळतं. 6 मिलिमीटरची दुहेरी चिकटपट्टी लावून तुकडे जोडायचे आणि मग टीप. शिवण दुमडून दुहेरी घातली आणि दुमडीची कड उताराकडे ठेवली, कौलावर कौल चढवतात तशी. एका जागी हे उलटं झालं होतं. पाणी दुमडीत साठून राहिलेलं दिसल्यावर सगळी शिवण उसवून पुन्हा घातली.

खिडक्यांचं काम मला सर्वांत आवडलं. कापडाला आधी भोक पाडायचं नाही. अखंड कापडावर पारदर्शक व्हिनाइल चिकटवायचं, चारी बाजूंनी टीप मारायची, आणि नंतर उलट बाजूने आतलं कापड कापून काढायचं. त्यामुळे चौकट जराही हलत नाही. कापताना कात्री आणि व्हिनाइल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवत न्या. मी 1 मिलिमीटर जाडीचं दाबून गुळगुळीत केलेलं व्हिनाइल घेतलं. ते घडी न घालता मऊ कापडासह गुंडाळायचं, भरपूर गोड्या पाण्याने धुवायचं, अमोनिया असलेला क्लीनर लांब ठेवायचा. उन्हात तापलेली नळी त्याला भाजते, म्हणून नळीला टेकणाऱ्या प्रत्येक जागी मध्ये कापडाचा पट्टा घातला आहे. छतातही एक छोटी खिडकी ठेवली, टिलर न सोडता वर मान केली की शीड दिसतं.

चेनी 10 नंबरच्या, जाड प्लॅस्टिक दातांच्या, प्रत्येकीवर बाहेरून कापडाची झालर. बटणं अगदी शेवटी, कापड जागेवर ताणून मग. व्हिनाइल थंडीत आकसतं आणि उन्हात सैलावतं. भर उन्हात बटणं ठोकली तर गार पहाटे ती जागेवर पोचणार नाहीत. जेलकोटमध्ये (होडीच्या वरच्या चकचकीत थरात) स्क्रूचं भोक पाडल्यावर त्याची तोंडाकडची कड किंचित खरवडून उतरती केली, नाहीतर स्क्रू कसताना तिथून चीर जाते. कोपऱ्यांवर साधी टिचबटणं वाऱ्यात सुटतात. तिथे एकाच बाजूने उचलल्यावर उघडणारी बटणं लावली.

मग पाणी. आधी होज लावून पाहिलं. छताच्या मधोमध 6-7 लिटरचं तळं साचलं, म्हणजे तितक्याच किलोचं ओझं, आणि ओझ्याने कापड आणखी खाली. मधल्या कमानीची उंची 4 सेंटिमीटर वाढवली. आता पाणी दोन्ही बाजूंना पागोळ्यांसारखं पडतं. मधला पट्टा मी डॉजरच्या वर शिवला होता, नाळेकडून (होडीच्या पुढच्या टोकाकडून) येणारा पाऊस तिथे थेट खाली घुसला. पट्टा आता डॉजरच्या खाली जातो.

वाऱ्याबद्दल हिशोब करून ठेवला. समोरून सुमारे 1.6 चौरस मीटर कापड दिसतं. 20 नॉट (ताशी सुमारे 37 किलोमीटर) वाऱ्यात त्यावर ढोबळमानाने 10 ते 12 किलोचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे 40 नॉटला 40 किलोच्या वर, आणि तोही सगळा डेकपासून उंच. नांगरावर होडी इकडून तिकडे हिंडते ती याचमुळे. 20 च्या पुढे वारा जाणार असं दिसलं की कनाती आणि छत उतरवायचं हे मी ठरवून टाकलं आहे.

याहून महत्त्वाचं म्हणजे इंजिनाचा धूर. होडी पुढे जाताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि एक्झॉस्ट उलटा कॉकपिटमध्ये ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. इंजिन चालू असेल तर मागची कनात पूर्ण गुंडाळलेली आणि डॉजरची पुढची खिडकी उघडी, पाऊस कितीही असो. डिटेक्टर बसवला आहे. कृपा करून तुम्हीही बसवा. बंद कनातीत स्टोव्ह तर मुळीच पेटवू नका.

आता उजवी बैठक. आज सकाळी पाऊस थांबल्यावर टेप लावली. छताच्या कमानीपासून कॉकपिटच्या कडेपर्यंतचं अंतर उजवीकडे डावीपेक्षा 14 मिलिमीटर कमी आहे. होडी बनतानाच तिच्या दोन बाजूंत इतका फरक पडला असणार. डावीवरून उलट्या केलेल्या कनातीला उजवीकडे तेवढीच ढील राहिली, ढिलीची एक तिरकी सुरकुती झाली, आणि ती सुरकुती पन्हळीसारखी थेट चेनवर उतरते. झालरीने थोपवण्याच्या पलीकडचं पाणी तिथे येतं. सुरकुती बोटाने ताणून धरली, भावाला वरून बादली ओतायला लावली, एक थेंब आत आला नाही.

उजवी कनात काढून घरी आणली आहे. खालची कड आणि तिची बटणं उसवली. शनिवारी सकाळी उजेडात उजवीचा स्वतःचा नमुना घेणार. त्याच दिवशी मागच्या कनातीत बॅकस्टेसाठी (डोलकाठी मागून धरणाऱ्या तारेसाठी) चीर, चेन आणि वर गळ्यासारखी पट्टी करायची आहे. तिथे तारेवरून ओघळत येणारं पाणी कसं अडवायचं याचे दोन प्रकार डोक्यात आहेत, दोन्ही टाकाऊ कापडावर शिवून होजखाली धरून बघेन.