निळी पाटी दिसली की गाडी का थांबते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे विचारणारे तुम्ही एकटे नाही. भारतातून आलेले पाहुणे, मुलाला पेन स्टेट विद्यापीठात सोडायला आलेले आईवडील, शेजारच्या सीटवर बसलेला माझा नवरा, सगळ्यांचा प्रश्न एकच. "चहूकडे नुसती झाडं नि मक्याची शेतं. या आडरानात कसला आलाय इतिहास? आणि दर निळ्या पाटीपाशी गाडी कशाला थांबवायची?" गाडी मी चालवत असते, त्यामुळे थांबते हे एक. दुसरं म्हणजे, या पाट्या सहसा खोटं बोलत नाहीत, पण मुद्द्याचं सांगायचं त्यांच्याकडून राहून जातं. ते बघायला खाली उतरावंच लागतं.

आम्ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मधोमध, स्टेट कॉलेज या गावी राहतो. इथल्या इतिहास सांगणाऱ्या पाट्या गडद निळ्या, अक्षरं पिवळी, माथ्यावर राज्याचं चिन्ह. राज्याचा ऐतिहासिक आणि संग्रहालय आयोग त्या लावतो. त्याआधी, १९१४ पासून, दगडांवर ब्राँझचे फलक बसवायची पद्धत होती. दुसरं महायुद्ध संपलं, लोक मोटारींतून भटकायला लागले आणि १९४६ पासून धावत्या गाडीतून वाचता येतील अशा या पाट्या आल्या. आज त्या दोन हजारांवर आहेत. पण धावत्या गाडीतून वाचायचं म्हणजे मजकूर चार-सहा ओळींचाच. नाव, साल, मालक कोण, जमलं तर 'पहिला' किंवा 'सर्वांत मोठा'. संपलं. (लोखंडाच्या गावांचं कौतुक सांगणाऱ्या या पाट्या स्वतः ओतीव ॲल्युमिनियमच्या असतात, ही त्यातली गंमत.)

आमच्या गावचंच घ्या. कॉलेज अव्हेन्यूने पूर्वेला निघालं की डाव्या-उजव्या बाजूच्या दुकानांच्या गर्दीतून पुढे रस्त्याकडेला एक दगडी धुराडं उभं दिसतं. ती सेंटर फर्नेस. जॉन पॅटन आणि सॅम्युअल माइल्स या दोन कर्नलांनी १७९०च्या दशकाच्या सुरुवातीला उभारलेली लोखंडाची भट्टी. पुढे ती ज्यांच्याकडे आली त्या मोझेस थॉम्पसन आणि जेम्स अर्विन यांनी १८५५ साली शेतीशाळेसाठी दोनशे एकर जमीन दिली, आणि त्या फार्मर्स हायस्कूलचं पुढे पेन स्टेट झालं. मुलाच्या फीचे आकडे बघून कपाळाला हात लावणारे आईवडील कॅम्पसवरच्या सिंहाच्या पुतळ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. ते विद्यापीठ इथे, या खोऱ्यात का आलं त्याचं उत्तर हे धुराडं आहे. त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

आता आडरानाचा प्रश्न. लोखंडाचा कारखाना म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जमशेदपूर, भिलाई येतं. इथे मात्र शंभर-सव्वाशे वर्षं लोखंड जंगलातच झालं, कारण भट्टीला दगडी कोळसा नव्हे, लाकडाचा कोळसा लागायचा. तो ठिसूळ. खडबडीत रस्त्यावरून बैलगाडीने लांब न्यावा तर निम्मा भुगा होतो. म्हणून जिथे झाडं, खनिज, चुनखडी आणि भात्याचं चाक फिरवायला ओढ्याचं पाणी, हे सगळं हाताशी असेल तिथेच भट्टी बांधायची आणि तिच्याभोवती गाव वसवायचं. घरं, दुकान, चर्च, गिरणी, सगळं मालकाचं. एक भट्टी दिवसाला साधारण एकरभर जंगल खायची.

कोळसा पाडायची रीत आपल्याला नवी नाही. रायगडच्या डोंगरांत कातकरी कुटुंबं लाकडं रचून, पाला-माती थापून जशी भट्टी लावतात, जवळपास तशीच. दहा-बारा दिवस ती आतल्या आत धुमसायची. कोळसेवाला शेजारी खोपटं बांधून रात्रंदिवस राखण करायचा आणि मधूनमधून त्या धुमसत्या ढिगावर चढून पायाने भुसभुशीत जागा चाचपायचा. कुठे भोक पडून जाळ बाहेर आला तर सगळ्या लाकडाची राख. या लोकांची नावं कुठल्या पाटीवर सापडायची नाहीत. त्यांच्या जागा मात्र सापडतात. उतारावर मधेच एखादा गोल सपाट तुकडा दिसतो, घरंगळायला हवी तिथे जमीन एकदम बसकी. पानं बाजूला सारून टाचेने जरा उकरलं की काळीभोर माती वर येते. विमानातून लेझरने केलेल्या मोजणीत अशी हजारो वर्तुळं राज्याच्या जंगलांत दिसली आहेत.

हंटिंग्डन काउंटीतल्या ग्रीनवुड फर्नेसला जा. १८३४ ते १९०४ ही भट्टी चालली, भरात असताना तीनशे माणसं कामाला होती. आज ते स्टेट पार्क आहे. पोरं तळ्यात पोहतात, मोठी माणसं बार्बेक्यू लावतात, आणि सभोवतीचं गर्द रान बघून कुणालाही वाटतं की हे असंच अनादि काळापासून आहे. छे! भट्टी थंडावली तेव्हा डोंगर बोडके झाले होते, आणि दोनच वर्षांनी, १९०६ साली, सरकारने तिथेच झाडांची रोपवाटिका काढली. ती १९९३पर्यंत चालली. पायाखाली नीट बघितलं तर निळसर-हिरवे, काचेसारखे तुकडे चमकतात, अंगावर बुडबुड्यांची बारीक भोकं. ती भट्टीतली मळी. आमच्या मामींना ती नीलमणी वाटली होती. (उचलू नका, पार्कातून काही न्यायचं नसतं.)

आणि रेल्वे? खरी गोष्ट तर तिथेच आहे आणि ती पाटीवर मावत नाही. लाकडी कोळशावरच्या लोखंडात गंधक कमी, त्यामुळे रेल्वेच्या चाकांना आणि आसांना ते फार चांगलं. पेनसिल्व्हेनिया रेलरोडची वाट या खोऱ्यांजवळूनच गेली. लुइसटाउनचं १८४९ सालचं स्टेशन अजून उभं आहे. १८५४ साली अल्टूनाच्या पश्चिमेला हॉर्सशू कर्व्ह या नालाच्या आकाराच्या वळणावरून गाड्या डोंगर चढायला लागल्या. आपल्या बोरघाटात दोन वर्षांनी काम सुरू झालं, पण तिथे गाडी उलटी फिरवायला रिव्हर्सिंग स्टेशन बांधावं लागलं. इथे डोंगरालाच वळसा घातला. आणि ज्या रेल्वेला या गावांनी लोखंड पुरवलं, तिनेच पिट्सबर्गला कॉनेल्सव्हिलचा कोक, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन, नेऊन पोहोचवला. सुपीरियर सरोवराकडचं खनिजही जहाजं नि आगगाड्या करत तिथेच गेलं. कोक ठिसूळ नाही, वरचा भार सोसतो, म्हणून भट्ट्या उंचच उंच बांधता आल्या. त्यांच्यापुढे रानातल्या भट्टीचा काय पाड? चाकांच्या लोखंडाला गिऱ्हाईक होतं तोवर काही तगल्या. बेलफॉन्टजवळच्या कर्टिन गावातली तर १९२१पर्यंत. पाटी तुम्हाला 'बंद पडली' एवढं साल देते. का बंद पडली ते विचारायला रुळांपाशी जावं लागतं.

मालकांचीच नावं का, हाही प्रश्न मला येतो. पाटी लागावी म्हणून अर्ज कुणीही करू शकतं, पण कागदपत्रं लागतात, आणि कागद मालकांचेच टिकतात. याला अपवाद आहेत. फिलाडेल्फियाजवळ माल्व्हर्नला डफीज कट नावाची जागा आहे. १८३२च्या उन्हाळ्यात तिथे रुळांची खोदाई करणारे सत्तावन्न आयरिश मजूर काही आठवड्यांत मेले, पटकीने असं म्हणत. तिथली पाटी २००४ साली लागली आणि हाडं सापडली २००९ मध्ये! त्यातल्या काही कवट्यांवर माराच्या खुणा होत्या. म्हणजे सगळे काही पटकीने गेले नव्हते. मजुरांसाठी लावलेली पाटी, आणि पुरावा तिच्या मागून आला. असं फार क्वचित घडतं.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाकडे आलात की सेंटर फर्नेस चुकवू नका, शेजारच्या जुन्या बंगल्यापाशी गाडी लावता येते. ग्रीनवुडला अर्धा दिवस ठेवा. चपला नकोत, बूट घाला आणि पँट मोज्यांत खोचा, गवतात गोचिड्या फार. आणि पाटी दिसली म्हणून कचकन ब्रेक मारू नका. मिफ्लिन काउंटीकडून आलात तर त्या रस्त्यांवर मागून आमिश लोकांची घोडागाडी येत असते.