पणजीचं माहेर शोधायला नाशिकला गेले

आमच्या माहेरच्या कुळाचं संमेलन यंदा नाशिकला भरलं. मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर लोकांच्या वारसनोंदी केल्या, आता घरच्या वंशावळीचा नाद लागलाय. मला शोधायचं होतं ते पणजीचं माहेर. कुलवृत्तांताच्या कच्च्या प्रतीत तिच्याबद्दल 'पत्नी राधाबाई' एवढंच आहे, आणि लग्नात नाव बदलायची आपल्याकडची रीत, म्हणजे राधाबाई हेही सासरचंच. माहेरी ती कोण, कुठल्या गावची, हे सांगणारं आता घरात कुणी उरलेलं नाही.

धुळ्याहून पहाटेच्या एसटीने निघाले (बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे हल्ली असले उद्योग परवडतात). गंगापूर रोडच्या मंगल कार्यालयात पोचले तेव्हा पोहे संपत आले होते. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलाने यादी वरखाली केली आणि म्हणाला, "मावशी, तुमचं आडनाव यात नाही."

"कसं असेल? मी या घराण्याची लेक आहे."

तो गडबडला. शेजारच्या काकांना विचारून त्याने माझ्या बिल्ल्यावर पेनने 'माहेरवाशीण' लिहिलं. दिवसभरात तसे आणखी बरेच बिल्ले दिसले. पुढच्या वर्षी सरळ छापूनच घ्या, असं मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आले.

दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, ज्येष्ठांची मनोगतं. यात जेवणाची वेळ झाली. कामाचं सत्र एकच, मोडी लिपीचं. 2023 साली न्या. संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला जुनी दप्तरं बाहेर निघाली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला भाव आलाय. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढली आणि मग अक्षरं तिच्याखाली लटकवत गेल्या, हात फारसा न उचलता. शब्द कुठे तुटतो ते आपणच ओळखायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही. कचेरीत मी मोडी कागद हाताळले होते, पण ते नकलनवीस वाचायचे. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, हे दोन शब्द तेवढे माझ्या ओळखीचे होते.

दुपारी इच्छुकांना गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जायचं होतं. मालेगाव स्टँडला रिक्षा सोडून उतारावरून रामकुंडाकडे गेलो. तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या असतात हे ऐकून असतो आपण, पण कुणाच्याही वहीत कुणीही सापडत नाही. आधी आपले गुरुजी शोधायचे, मग वही. पहिला प्रश्न आडनावाचा नाहीच, मूळ गावाचा. आता राहता ते गाव सांगून उपयोग नाही, आजोबा-पणजोबांचं सांगायचं. मग आडनाव, मग जात. आमचे गुरुजी दोन ठिकाणी विचारल्यावर भेटले.

लाल कापडात बांधलेली, अरुंद आणि लांबलचक वही. पानांच्या कडा हात लागून लागून तपकिरी झालेल्या. गुरुजी म्हणाले, "ताई, फोटो काढू नका, मी वाचतो, तुम्ही लिहून घ्या." नोंद निघाली शके 1842 ची. 78 मिळवले की 1920, म्हणजे सिंहस्थाचं साल. जुन्या वारीचं वर्ष माहीत नसेल तर सिंहस्थाची सालं आधी बघावीत, असं गुरुजीच म्हणाले. गुरू सिंह राशीत आला की खेड्यापाड्यांतून माणसं निघायची, आणि ज्यांच्या नोंदी व्हायच्या त्यातल्या कितीतरी तेव्हाच्याच.

पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, दोन भावांची, मुलगा म्हणून माझे आजोबा. पणजीचं पुन्हा राधाबाईच. मी वही मिटवायला सांगणार, तेवढ्यात गुरुजींनी बोट खाली सरकवलं. "सोबत मेव्हणे आहेत." मेव्हण्याचं नाव, आडनाव आणि पुढे 'तालुके येवले'. गावाच्या नावावर शाई पसरलेली, पहिलं अक्षर 'न' की 'त' यावर आमचं एकमत झालं नाही.

पणजीचं नाव मिळालं नाही, पण तिचा भाऊ मिळाला. मेव्हणा बहिणीचा नवराही असू शकतो, हे मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, पुढे 'राधाबाईचा बंधू' लिहिलंय, मग बोलायलाच नको. घराण्याच्या पुस्तकात तिचं माहेर पुसलं गेलं, आणि ते राहिलं कुठे, तर भाऊ सोबत आला म्हणून इथे.

जाताना गुरुजींनी आजच्या तारखेची नोंद घातली. नवऱ्याचं नाव, मुलाचं. मी माझ्या दोन्ही मुलींची नावं सांगितली, आणि त्यांची लग्नानंतर बदललेली नावंही. "दोन्ही लिहायची?" "दोन्ही लिहा." ऐच्छिक दक्षिणा दिली.

आता काम येवल्याच्या अभिलेख कक्षात. वारस फेरफारात, म्हणजे जमीन वारसांच्या नावे लावल्याच्या नोंदीत, पणजी सापडायची नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधी मुलींना वारस म्हणून लावतच नसत फारसं. राहिलं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची नोंदवही, गाव नमुना 14. त्यात मुलीच्या जन्माला बऱ्याचदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी' असतं. तरी बाप कळेल. 'न' आणि 'त' ने सुरू होणाऱ्या गावांची यादी काढून ठेवलीय, नकलेचा अर्ज सोमवारी टाकते.